येळवशीआधी पंप नाही

मला राग लवकर येतो, हे आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. ‘तिच्या नादी लागू नका, ती तापट हाय’ असं म्हणून मला गप्प करायची त्यांना सवयच लागलीय. पण ही बाई का तापते, हे विचारायची तसदी आजवर एकानंही घेतली नाही. आता कुणी विचारायची वाट बघत बसणार नाही मी. सांगूनच टाकते.

आमचं रान उदगीरच्या खालच्या अंगाला, काळ्या मातीचं. सगळीकडे असतं तेच आमच्याकडेही, पावसाळ्यात सोयाबीन आणि तूर, थंडीत हरभरा आणि ज्वारी. पण विहिरीच्या अंगाला एक पट्टी बन्सी गव्हाची असते. बन्सी म्हणजे आमचा जुना, लांब दाण्याचा, बिनपाण्याचा गहू. हा गहू माझ्या सासूबाईंच्या ओटीतून या घरात आला. त्यांना मी आत्याबाई म्हणते. बिदरकडच्या त्यांच्या माहेरातून निघताना आईनं ओटी भरली, त्यातला गहू त्यांनी दळला नाही, पेरला. तेव्हापासून दरसाल थोडा बियाण्याला ठेवायचा, राखेत घालून मडक्यात भरायचा, मडक्याचं तोंड शेणमातीनं बंद करायचं. उरलेल्याची येळवशीच्या सणाला खीर करायची. त्यांच्या माहेरच्या गावात आता तो गहू कुणाच्याच घरी राहिलेला नाही. आमच्या पट्टीतला गेला की गेलाच. बाजारात मिळत नाही, मागून मिळत नाही.

ती पट्टी माझ्याकडे होती. म्हणजे खुरपायला, पाखरं राखायला, कापायला माझ्याकडे. हुकूम मात्र थोरल्या दिरांचा.

थोरले दीर माझ्याशी बोलत नाहीत. भांडण आहे म्हणून नव्हे, धाकट्या भावजयीशी तोंडावर बोलायचं नाही अशी त्यांची रीत आहे. मी समोर दोन हातांवर उभी असले तरी ते आत्याबाईंकडे बघून म्हणणार, ‘आई, तिला सांग, चहात साखर जास्त झाली.’ लग्न होऊन आले तेव्हा मला हसू यायचं. पुढं पुढं तळपायाची आग मस्तकात जायला लागली. अहो, मी काय बहिरी आहे?

त्या वर्षी विहिरीला पाणी चांगलं होतं. थोरल्या दिरांना उत्साह आला. बन्सीला पाणी द्यायचं नसतं, हे लहान लेकरालाही ठाऊक असलेलं. तरी त्यांनी पाइप लावला आणि वर युरियाही फेकला. गहू असा माजला की दाटीत हात घातला तर ओला होऊन बाहेर यायचा. गावातले लोक बांधावर थांबून ‘काय गहू हाय, काय गहू हाय’ करायचे आणि आमचे दीर मिशीवरून बोट फिरवायचे. मी म्हणलं होतं, ‘आत्याबाई, भावजींना सांगा, हा गहू पाण्याचा न्हाई.’ उत्तर आलं, ‘आई, तिला सांग, पाणी जास्त झालं म्हणून कुणी मेलेलं ऐकलं न्हाई.’

मग आभाळ आलं. सकाळी धुई पडायची ती उन्हं वर येईस्तोवर हटायची नाही. येळवस तोंडावर आली होती. त्या आठवड्यात मी पट्टीत गेले, खाली वाकून पानं उलटीपालटी केली. खालच्या पानांवर बारीक बारीक तांबूस फोड. अंगठा फिरवला तर अंगठा गंजलेल्या पत्र्यावर घासावा तसा तांबडा. तांबेरा!

माझं माहेर देगलूरकडचं. माझ्या वडिलांचा ओलिताचा गहू एका साली तांबेऱ्यानं असा खाल्ला होता की मळणीत दाण्याऐवजी नुसता कोंडा उडत होता. तेव्हापासून वडील पोटरीतल्या, ओंबी बाहेर पडायला आलेल्या गव्हात रोज सकाळी वाकून फिरायचे आणि आम्हा बहिणींनाही वाकायला लावायचे. ही बुरशी आहे, वाऱ्यावर उडते, खालून वर चढते. खालच्या पानावर आहे तोवर औषध मारलं तर गहू वाचतो. ओंबीखालच्या वरच्या पानापर्यंत पोहोचली की दाणा भरत नाही, कारण दाण्याला पोसतं ते पान तेच. यात काही मोठी विद्या नाही. वाकून बघायचं आणि बघितल्याबरोबर पंप उचलायचा, एवढंच.

मी तशीच घरी आले. थोरले दीर ओसरीवर कोपीसाठी कडब्याच्या पेंढ्या निवडत बसले होते. आमच्या लातूरकडे येळवशीला घरं ओस पडतात. मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येला सगळा गाव रानात असतो. कडब्याची कोप म्हणजे खोपटी उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची. पालेभाज्या-शेंगांची भज्जी, ताकात ज्वारीचं पीठ घालून केलेली आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आल्यागेल्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. मलाही हा सण जिवापाड आवडतो, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर म्हणाल हिला देवाधर्माचं वावडं आहे.

मी पान दाखवलं. ‘भावजी, तांबेरा आलाय. आजच बुरशीचं औषध मारायला पायजे.’

त्यांनी पानाकडे बघितलं नाही. आत्याबाईंकडे बघितलं. ‘आई, तिला सांग, येळवस होईस्तोवर रानात औषधाचा पंप जायचा न्हाई. बाप-आजानं कधी नेला न्हाई. माय गरवार हाय.’

आमच्याकडे असं मानतात. येळवशीला काळी माय पोटुशी असते, पिकं पोटरीत असतात, तिला डोहाळे पुरवायचे म्हणून हा सगळा थाट. त्या दिवसांत तिच्या अंगावर विष टाकायचं नाही.

मी म्हणलं, ‘गरवार बाई तापानं फणफणली तर दवाखान्यात न्हेत न्हाईत का? तुमच्या लेकीला सातव्या महिन्यात ताप आला तर जीप करून लातूरला कोण घेऊन पळालं होतं? तेव्हा म्हणलात का, बाळंत होऊ दे मग बघू?’

थोरल्या दिरांचे कान लाल झाले. हातातली पेंढी त्यांनी खाली टाकली आणि उठून आत गेले. जाता जाता म्हणाले, ‘आई, तिला आवर.’

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांचा गहू. त्यांच्या आईच्या हातचा. त्या एक शब्द बोलल्या असत्या तर दिरांची काय बिशाद होती! त्यांनी माझ्या हातातलं पान घेतलं, अंगठ्यानं पुसलं, अंगठा पदराला पुसला.

‘सण हाय पोरी,’ त्या म्हणाल्या. ‘येळवशीपर्यंत थांब.’

मी नवऱ्याला फोन लावला. आमचे हे नांदेडला नोकरीला, सणावारी येतात. म्हणाले, ‘तू उगंच काय डोक्यात राख घालून राहिलीस? दादाला ठाऊक नसंल का? मी आल्यावर बघू.’ आल्यावर बघू! जसा काही तांबेरा यांच्या गाडीची वाट बघत एस.टी. स्टँडवर थांबणार होता.

मी तरी सुचवून बघितलं. हरभरा, वाटाणा लोक उपटून खातात, तिकडे थेंब उडू देणार नाही, फक्त गव्हाच्या पट्टीत मारते, भोवती दोरी बांधते, पाहुण्यांना तिकडे फिरकू देत नाही. निरोप आला, ‘आई, तिला सांग, येळवशीला रानाला दोरी बांधायची असती का?’ औषध आणायला मी एकटी उदगीरला जाऊ शकत होते. पण पंप त्यांच्या खोलीत, खोलीला कुलूप, कुलपाची किल्ली त्यांच्या कमरेच्या करगोट्याला. आता बोला.

येळवस उजाडली. पाहुणे आले, लातूरचे आले, नांदेडचे आले, कुणी पुण्याहून आले. घोंगड्याची खोळ घेऊन थोरल्या दिरांनी डोक्यावर आंबिलीचं मडकं घेतलं, वाजतगाजत रानात गेलो. पूजा झाली. मग रानाभोवती फिरून आंबील शिंपडायची असते. पुढं एक जण, मागं एक जण, तोंडानं तो जुना कानडी वळणाचा पुकारा, ज्याचा अर्थ आता आमच्यात कुणालाच धड सांगता येत नाही. गव्हाच्या पट्टीपाशी आले आणि थोरले दीर मुद्दाम आत शिरले. हरभऱ्याला शिंपडली त्याच्या चौपट आंबील गव्हावर शिंपडली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, ‘आई, तिला म्हणावं, हे घे औषध! आंबट ताकापुढं काय तांबेरा टिकतो का?’

सगळे खो खो हसले. आमचे हेसुद्धा.

बरं, आंबट ताक आम्हीही मिरचीवर मारतो, मी नाही म्हणत नाही. पण ते कसं, किती, कधी मारतात याला काही रीत आहे की नाही? पळसाच्या पानानं चार थेंब उडवले आणि झालं? आणि त्यात ज्वारीचं पीठ! दव काय कमी होतं म्हणून वरून ही ओल?

जेवणं झाली आणि त्याहून मोठी कमाल झाली. पाहुण्यांना फोटो काढायचे होते. आमचा माजलेला गहू त्यांना फार आवडला. पोरीबाळी, जावई, सुना, सगळे पट्टीत घुसले. कुणी नुकत्या फुटलेल्या ओंब्या गालाला लावतंय, कुणी हात पसरून उभं राहतंय. मी कोपीपासून ओरडत धावले, ‘अगं, बाहेर या! गव्हात जाऊ नका! कपड्यांना लागंल, दुसऱ्या रानात न्याल!’ पुण्याहून आलेली नणंदेची लेक पांढऱ्या ड्रेसमध्ये होती. बाहेर आली तर गुडघ्यापर्यंत तांबडी. ती खाली बघून हसायला लागली. ‘मामी, हळद लागली बघा मला!’ पुन्हा सगळे हसले. तिचं लग्न ठरायचं होतं, त्यामुळे जरा जास्तच हसले. आणि तसेच ते तांबडे कपडे घेऊन शेजारच्या रानात आंबील प्यायला गेले. तिथंही गहू होता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखानं नव्हे, संतापानं. आमचे हे जवळ येऊन हळूच म्हणाले, ‘सणाच्या दिवशी तोंड पाडून बसू नको. लोक काय म्हणतील?’ मी म्हणलं, ‘लोक म्हणतील गहू छान आलाय. त्यांना काय, ते जेवून जातील!’

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले आणि थोरले दीर उदगीरला औषधाच्या दुकानात गेले. मला बरोबर नेलं नाही. मोबाइलवर फोटो काढून नेला होता, तोही पट्टीचा लांबून. दुकानदारानं काउंटरमागं बसल्या बसल्या फोटो बघितला आणि सांगून टाकलं, झिंक कमी आहे. एक टॉनिक दिलं, वरून युरियाचं पाणी मारा म्हणाला. येळवस सरली होती, करगोट्याची किल्ली आपोआप निघाली. थोरल्या दिरांनी मोठ्या तोऱ्यात फवारा मारला. गहू दोन दिवस हिरवागार दिसला. ‘आई, तिला सांग, बघ म्हणावं.’

मी बघितलं. खाली वाकून बघितलं. बुरशीला तरी दुसरं काय पाहिजे होतं? कोवळी लुसलुशीत पानं आणि वर धुई. खालून निघालेला तांबेरा मधल्या पानांवर चढून वर निघाला होता.

तेव्हा मी कुणालाच विचारलं नाही. पाच-सहा पानं बुडापासून खुडली, पिशवीत घातली आणि पहिल्या जीपनं उदगीर गाठलं. दुकानात गर्दी होती. दुकानदार आमच्या घरच्यांना ओळखणारा, पांढऱ्या शुभ्र शर्टात, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, तोंडानं मिठ्ठास. ‘या वहिनी, टॉनिकचा रिझल्ट कसा आला?’ मी म्हणलं, ‘हात पुढं करा.’ त्याला वाटलं पैसे देतेय. त्यानं हात पुढं केला आणि मी ती पानं त्याच्या बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत घासली. पांढरी बाही तांबडीलाल.

‘आता हे तुमचं झिंक धुऊन दाखवा,’ मी म्हणलं.

दुकानातले सगळे वळून बघायला लागले. तो ओरडला, ‘अहो, हे काय करून राहिलात?’ मी म्हणलं, ‘फोटोवर रोग सांगता तुम्ही? पान हातात घेतलं असतं तर आंधळ्यालाही कळलं असतं. लोकांच्या रानाचं वाटोळं करून वर भस्म लावता कपाळाला?’ माझा आवाज रस्त्यावर ऐकू जात असणार. एक म्हातारा शेतकरी पुढं आला, त्यानं माझ्या हातातलं पान घेतलं आणि म्हणाला, ‘तांबेराच की हो हा.’ मग कुठं दुकानदारानं मुकाट्यानं बुरशीचं औषध काढून दिलं.

टॉनिकनंतर ओसरीवरच पडलेला पंप मी माझ्या पाठीवर घेतला. साडीचा काष्टा मारला, तोंडाला पदर बांधला आणि पट्टी फवारून काढली. आमच्या गावात बाया पाण्याचे हंडे वाहतात, पाठीवर पंप घेत नाहीत. बांधावर लोक उभे राहिले. थोरले दीर आले नाहीत. आत्याबाई आल्या, बांधावर बसून राहिल्या.

औषधानं काम केलं. नवा तांबेरा थांबला. पण वरची पानं आधीच गेली होती. गेलेलं पान औषधानं परत हिरवं होत नसतं. ओंब्या दिसायला उभ्या होत्या, आत दाणा जिऱ्यासारखा. मळणीच्या दिवशी वाऱ्याला धरला तर भुसा आणि गहू दोन्ही मिळून एकाच अंगाला उडाले. आत्याबाईंनी सुपातला दाणा चिमटीत धरला, दाताखाली घातला आणि थुंकून टाकला. तो पेरून उगवणारा नव्हता.

थोरले दीर म्हणाले, ‘आई, तिला सांग, यंदा हवाच तशी व्हती.’

हवा! पाणी दिलं कुणी? युरिया फेकला कुणी? पंप कुलपात कुणी ठेवला? हे सगळं हवेनं केलं? मी ते सगळं तिथंच, खळ्यावर, भरल्या माणसांत बोलले. यावेळी मला कुणी आवरलं नाही. पण कुणी ‘तुझं खरं आहे’ असंही म्हणलं नाही.

बियाणं वाचलं ते थोरल्या दिरांच्या आळसामुळं. पट्टीच्या पार टोकाला मुरमाड तुकडा आहे. तिथपर्यंत पाइप पुरला नव्हता आणि युरियाचं घमेलं घेऊन तेवढं चालत जायचा त्यांना कंटाळा आला होता. तिथला गहू विरळ, बुटका, कुणाच्या फोटोत न आलेला. पण तिथं हवा खेळत होती, पानं कोरडी राहत होती आणि वरचं पान हिरवं होतं. तिथल्या ओंब्या मी एकेक करून खुडल्या. हातांनी चोळल्या. लोटाभर गहू निघाला. तो राखेत घालून मडक्यात भरला, आणि मडकं माझ्या खोलीत माझ्या पलंगाखाली ठेवलं. खोलीला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात.

पुढच्या वर्षी तो लोटाभर मी त्याच मुरमाड तुकड्यात पेरला. लांब लांब पेरला, पाणी नाही, युरिया नाही. रोज सकाळी वाकून बघत होते. आणि येळवस आली तेव्हा खिरीला बन्सी नव्हता. होता तेवढा जमिनीत होता. मी बाजारातून साधा गहू आणला, सडला, शिजवला, गूळ घातला, वेलची घातली.

कोपीसमोर पंगत बसली. थोरल्या दिरांनी खिरीचा घोट घेतला, डोळे मिटले आणि पाहुण्यांना सांगायला लागले, ‘हा आमच्या घरचा बन्सी बरं का. आईच्या ओटीतून आलेला. अशी चव तुम्हाला सगळ्या मराठवाड्यात मिळायची न्हाई.’ पाहुण्यांनी माना डोलावल्या. पुण्याची ती पोर म्हणाली, ‘मामी, दुकानच्या गव्हाला ही चव येतच नाही.’ आमच्या ह्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

माझ्या हातातला वाढायचा डाव थांबला. गेल्या साली या सणासाठी ज्या गव्हाचा बळी दिला, त्या गव्हाची चव यांच्यापैकी एकाच्याही जिभेला ठाऊक नव्हती. रीत ठाऊक होती, चव नाही! मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्याबाईंनी वाटी पुढं केली. ‘वाढ मला आणखी,’ म्हणाल्या. मग मी गप्प बसले. वाटलं, म्हातारीलाही कळलं नाही. त्याचा राग सगळ्यांत जास्त आला.

उन्हं उतरली, पाहुणे बांधाबांध करायला लागले. आत्याबाई आणि मी विहिरीपाशी भांडी घासायला बसलो. पातेलं हातात घेऊन त्या म्हणाल्या, ‘दुकानच्या गव्हाला गूळ लई लागतो ग. बन्सीला एवढा लागत न्हाई.’

मी बघतच राहिले. ‘तुम्हाला कळलं व्हतं? मग बोलला का न्हाईत? सगळ्यांसमोर खोटं बोलू दिलंत त्यांना?’

‘सण व्हता.’

पुन्हा तेच! मी हातातली राख दाणकन खाली आपटली. त्या माझ्याकडे न बघता मुरमाड तुकड्याकडे बघत होत्या. गहू पोटरीत आला होता.

‘यंदा पानावर काई दिसलं तर मला इचारायला येऊ नको,’ त्या म्हणाल्या. ‘येळवस असू दे न्हाईतर दिवाळी. पंप उचल.’

‘हे गेल्या साली म्हणाला असतात तर?’ मी म्हणलं. माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणायचा नव्हता. ‘तेव्हा एक शब्द बोलला असतात तर, आत्याबाई?’

पातेल्याच्या बुडाला लागलेली ती दुकानच्या गव्हाची खीर त्या नखानं खरवडत राहिल्या.